आधी भांडी पाहा: धाडधूड सिनेमे आणि गेमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीताबर्डीला माझं कॉम्प्युटर असेंबल-रिपेअरचं छोटं दुकान आहे. काउंटरमागच्या जुन्या मॉनिटरवर दिवसभर काही ना काही कोसळत असतं. कधी पूल, कधी जहाज, कधी अख्खं लॉस एंजेलिस. त्यामुळे साधा माउस दुरुस्तीला आणणारा माणूसही जाताना सिनेमाचा नाहीतर गेमचा एक प्रश्न टाकून जातो. प्रश्न तेच तेच असतात आणि माझी उत्तरं दर वेळी लांबत जातात, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. पटलं नाही तर भांडायला या. दुकान अकराला उघडते, चहा माझ्याकडून.

भाऊ, चाळिशी आली तरी हे सारं काऊन पाहता?

टायटॅनिकमुळे. १९९८ च्या उन्हाळ्यात आत्याबरोबर पाहिला. थिएटरात पंखे होते, वारा नव्हता. तीन तास चौदा मिनिटांचा इंग्रजी सिनेमा. आत्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मला येतं अशी थाप मी मारली होती, म्हणून तिच्या कानात कॉमेंट्री सुरू होती, निम्मी मनची. मग जहाज कललं. एका शॉटमध्ये फळीवरच्या कोऱ्या ताटल्या एकामागून एक घसरायला लागतात. शेजारचा माणूस शेंगदाणे खात होता, त्याचा हात पुडीतच थांबला. आत्या म्हणाली, "माय वं, भांडी गेली सारी!"

२६९ मीटर लांबीचं जहाज बुडत होतं आणि तिला भांडी दिसली. तेव्हापासून असा कुठलाही सिनेमा लावला की मी आधी भांडी शोधतो. सापडली तर सिनेमा बसून पाहायचा, नाही सापडली तर फोनवर बोलत पाहायचा.

चांगला आपत्तीपट ओळखायचा कसा?

पहिला अर्धा तास काहीच पडत नाही आणि तरी तुमचा हात मोबाइलकडे जात नाही, तर चांगला. आजकाल कॉम्प्युटरवर कुठलीही इमारत पाडता येते. त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गॅसवर दूध ठेवून दार उघडायला गेलेली बाई उभी करणं, हे कठीण काम आहे.

दुसरं म्हणजे संकटाचा नियम आधी कळला पाहिजे. टायटॅनिकमध्येच पाहा. सुरुवातीला आजच्या काळातला एक संशोधक म्हातारीला कॉम्प्युटरवर दाखवतो, की पाणी कुठून शिरलं, पुढचा भाग कसा खाली गेला, मागचा कसा वर उचलला गेला आणि जहाज मधून कसं मोडलं. सगळं आधीच सांगून टाकलं. तरी दोन तासांनी तेच खरंखुरं घडताना आपण खुर्चीचा दांडा धरतो, कारण पुढे काय होणार हे आता आपल्याला ठाऊक आहे आणि त्या लोकांना नाही. गेमवाले याला ट्युटोरियल म्हणतात. पहिल्या दहा मिनिटांत शिकवायचं, शेवटच्या दहा मिनिटांत परीक्षा घ्यायची.

१९७२ चा 'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर' तर मला अजूनही सर्वांत नेटका वाटतो. लाटेने जहाज उलटं झालं. छत खाली, फरशी वर. सुटायचं असेल तर जहाजाच्या तळाकडे जायचं, म्हणजे वर चढत राहायचं. एवढा एकच नियम. तो कळला की शिडी, जिना, स्वयंपाकघर, प्रत्येक जागा एक लेव्हल होते. व्हिडिओ गेम नीट जन्मायच्या आधीच कुणीतरी इतका चांगला गेम काढून ठेवला होता.

आणि तिसरं, कोण कुठे आहे हे समजलं पाहिजे. नुसतं सगळीकडून सगळं फुटत असेल तर त्याची दिवाळी होते.

ड्वेन जॉन्सनचा भूकंपाचा सिनेमा तुम्हाला का नाही आवडला?

नाही आवडला असं नाही, तीनदा पाहिला. २०१५ चा 'सॅन अँड्रियास'. पण त्यात हा माणूस अग्निशमन दलाचा बचाव वैमानिक आहे आणि शहर पडत असताना सरकारी हेलिकॉप्टर घेऊन निघतो ते घरच्यांना शोधायला. आमच्या गल्लीतले काका फायर ब्रिगेडमधून रिटायर झाले. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "याची तर चौकशी लागते."

विज्ञानाचंही बघा. सॅन अँड्रियास ही भेग आडवी सरकणारी आहे, दोन बाजू एकमेकींना घासत जातात. सिनेमात मात्र जमीन दरीसारखी उघडते. खरा भूकंप दरी उघडून माणसं गिळत बसत नाही, तो घर पाडतो. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली.

'२०१२' मधलं खरंच होऊ शकते का?

नाही. त्यात सूर्याकडून आलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पृथ्वीचा गाभा तापवतात आणि हे सगळ्यात आधी भारतातल्या एका खाणीत कळतं. हे वाचता वाचता अब्जावधी न्यूट्रिनो तुमच्या अंगठ्याच्या नखातून आरपार गेले. काही जाणवलं? तेवढंच. पण लिमोझिन पुढे आणि रस्ता मागे कोसळतो आहे, तो भाग मी महिन्यातून एकदा तरी लावतोच. ग्राफिक कार्ड टेस्ट करायला नव्हे, उगाच.

आकाशातून दगड पडायचे दोन सिनेमे एकाच वर्षी आले होते, त्यातला कोणता पाहू?

१९९८. 'डीप इम्पॅक्ट' आणि 'आर्मागेडन'. पोट्टे आर्मागेडन म्हणतील. डोकं शांत असेल तर डीप इम्पॅक्ट पाहा. त्यात लोक आधी घाबरतात, मग याद्या करतात, मग निरोप घेतात. आर्मागेडनमध्ये तेलाच्या विहिरी खोदणाऱ्यांना अंतराळात पाठवतात. अंतराळवीरांनाच ड्रिल चालवायला शिकवणं सोपं नव्हतं का, असं त्यातल्या हिरोनेच, बेन अ‍ॅफ्लेकने, दिग्दर्शकाला विचारलं होतं. दिग्दर्शकाने त्याला गप्प बसायला सांगितलं. मला हा किस्सा सिनेमापेक्षा जास्त आवडतो.

पण विदर्भातल्या माणसाने उल्केसाठी हॉलीवूडपर्यंत जायची गरज काय? लोणार आहे ना. बुलढाणा जिल्ह्यात, काळ्या बेसॉल्ट खडकात, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर. आकाशातून आलेल्या दगडाने केलेलं. काठावर उभं राहून समोरचा काठ पाहा आणि मग मनात उलटा हिशेब करा, की हे पाडायला काय वेगाने काय आलं असेल. आम्ही कॉलेजातून गेलो होतो तेव्हा अर्धे जण डबा कुठे उघडायचा यावर भांडत होते. मी एकटाच भैताडासारखा वर पाहत होतो.

आणि दगड वळवता येतो का? येतो, थोडासा. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डार्ट नावाचं यान मुद्दाम डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर आदळलं. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याची एक फेरी पूर्वी बारा तासांत पाच मिनिटं कमी एवढ्या वेळात व्हायची, ती जवळपास अर्ध्या तासाने घटली. ड्रिल नाही, बॉम्ब नाही, गाणं नाही. सरळ ठोकलं. माणसाने अवकाशातल्या खडकाची वाट मुद्दाम बदलली ती ही पहिलीच वेळ, आणि त्या दिवशी दुकानात माझ्याशिवाय कुणालाच पेढा खावासा वाटला नाही.

आपल्याकडे असे सिनेमे काऊन होत नाहीत?

होतात की. १९८० चा 'द बर्निंग ट्रेन' आहे. त्याआधी १९७९ चा 'काला पत्थर', ज्याच्या मागे धनबादजवळच्या चासनाला खाणीतली डिसेंबर १९७५ ची दुर्घटना आहे. खाणीत पाणी शिरलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात, उमरेड-सावनेर-कामठीकडे खाणी, त्यामुळे इथे तो सिनेमा वेगळाच पाहिला जातो. नातवाच्या लॅपटॉपला रॅम टाकायला एक रिटायर्ड ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारे, आले होते. मॉनिटरवर नेमका पाणी घुसायचा सीन. ते म्हणाले, "आधी पाणी नाही येत. आधी वारा येतो. पाणी हवेला पुढे ढकलते ना." आणि रॅमचे पैसे मोजायला लागले. मी तो सीन पुन्हा कधी पूर्वीसारखा पाहू शकलो नाही.

२०२३ चा मल्याळम '२०१८' तर पाहाच. केरळच्या पुरावर आहे, भारताकडून ऑस्करलाही तोच पाठवला होता. त्यात भांडी आहेत, भरपूर.

पैशाचं रडगाणं मला सांगू नका. जपानचा 'गॉडझिला मायनस वन' आठवा. ३५ जणांच्या टीमने ६१० व्हीएफएक्स शॉट, म्हणजे कॉम्प्युटरवर घडवलेली दृश्यं, केले आणि २०२४ मध्ये त्याच खात्यातलं ऑस्कर नेलं. हॉलीवूडच्या मोठ्या सिनेमात चहा देणारेच ३५ असतील.

थिएटरात पाहू की घरी?

थिएटरात. भूकंप कानाने नाही, खुर्चीने ऐकायचा असतो.

दादा, गेमिंग पीसी मे महिन्यात आपोआप बंद पडते. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही, नागपूर आहे. दरवर्षी पंधरा एप्रिलपासून हा प्रश्न सुरू होतो, म्हणून जरा नीट सांगतो.

मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश होतं. २०२४ च्या मेअखेर तर ५६ अंशांची बातमी देशभर फिरली. सेन्सर बिघडला होता, असं मागाहून निघालं. पण गंमत अशी, की त्या दिवशी दुकानात आलेल्या एकालाही तो आकडा चुकीचा वाटला नव्हता. आता पीसीचा पंखा काय करतो? खोलीतली हवा आत ओढतो. खोलीतच बेचाळीस असेल तर तो बेचाळीसचीच हवा ओढणार. स्क्रीनवरची चित्रं तयार करणारं ग्राफिक कार्ड ८३ अंशांच्या आसपास गेलं की स्वतःच वेग कमी करतं, गेम अडखळायला लागतो. त्यावरही तापत राहिलं की मशीन जीव वाचवायला बंद होते. हा बिघाड नव्हे, शहाणपणा आहे.

मग लोक काय करतात, तर कॅबिनेटचं झाकण काढून समोर कूलर लावतात. करू नका. कूलर नुसता गार वारा देत नाही, त्यासोबत बारीक तुषार फेकतो. आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर गवताच्या जाळीवर बसलेला पाहिला असेल. तोच थर मग मदरबोर्डवर दिसतो, वर कालिख लागलेली धूळ. गेल्या जूनमध्ये एका पोट्ट्याचं कार्ड उघडलं, तर पंख्याच्या पात्यांवर चक्क वाळ्याची काडी अडकली होती आणि आतून कुलरचा वास येत होता. कूलर खोलीला लावा, मशीनला नाही. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडते.

बाकी उपाय साधे आहेत. होळी झाली की ब्लोअर मारून घ्या. दोन वर्षं झाली असतील तर चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदला. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० ला बांधून टाका. तुमचा मॉनिटर ६० चाच असेल तर वरचे फ्रेम नुसती उष्णता करतात. आणि यूपीएस गेम खेळायला नसतो. लाइट गेल्यावर सेव्ह करून मशीन बंद करायला पाच-सात मिनिटं मिळावीत, एवढ्यासाठी असतो.

पहिला मोठा गेम कोणता घेऊ?

सेलची वाट पाहा आणि २०१३ चा 'टूम रेडर' घ्या. जुन्या कार्डावर चालतो, वादळ आहे, पडकं विमान आहे, धावता धावता पायाखालचं सगळं निसटतं. ते जमलं की २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर'. त्यात कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही कापलेला नाही. बाप आणि पोरगा चालताहेत आणि आपण त्यांच्या मागे. हाणामारी जबरदस्त आहे, पण मला आठवते ती होडी. होडीत बसल्यावर बाप गोष्ट सांगतो, किनारा आला की अर्ध्यावर थांबतो, आणि पुन्हा होडीत बसल्यावर जिथे सोडली तिथून पुढे सांगतो. ज्याने हे लिहिलं त्याने लहान पोराला घेऊन प्रवास केला असणार.

'रेड डेड रिडेम्प्शन २' घ्यायचा असेल तर आधी १५० जीबी जागा रिकामी करा आणि घरच्यांना सांगा, की नेट उद्यापर्यंत स्लो राहील.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. जीटीए टाकून देता का?

नाही ताई. त्यावर १८ चा शिक्का उगाच नाही. शिव्या आहेत, रक्त आहे, आणि गोळीबारापेक्षा वाईट असा एक छळाचा प्रसंगही जीटीए ५ मध्ये आहे. मित्रांकडे आहे म्हणतो? तर मित्राच्या आईला हीच लिंक पाठवा. त्याला गाड्या पळवायच्या असतील तर गाड्यांचेच बरेच गेम आहेत, फुकटातही टाकून देतो.

जीटीए ६ कधी?

आधी २०२५ म्हणाले, मग मे २०२६, मग नोव्हेंबर २०२६. तोवर पीसीवर पैसे घालू नका. पाच कधी आला आठवते? कन्सोलवर सप्टेंबर २०१३, पीसीवर एप्रिल २०१५.

पब्जी बंद आहे की सुरू?

सप्टेंबर २०२० मध्ये बंद. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने परत. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब. मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. आमच्या गल्लीतल्या विजेच्या डीपीची तऱ्हाही काही वेगळी नाही.

आपल्या मातीतला एकही अ‍ॅक्शन गेम नाही का?

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' आहे, २०२० चा. छोटा आहे, पण भिंतीवरची चित्रं आणि जिने पाहण्यासाठी तरी खेळा. पुण्याचं कौतुक नागपूरकराने केलं, याची नोंद घ्यावी.

सिनेमात संकट पाहतो, तसं संकटातून वाचायचा गेम आहे का?

जपानने असे गेम २००२ पासूनच काढले, 'डिझास्टर रिपोर्ट' या मालिकेत. बंदूक नाही. भूकंप झाला आहे, तुम्ही साधे माणूस आहात, तहान लागते, हादरा आला की खाली बसायचं. त्याचा चौथा भाग तयार होत होता आणि ११ मार्च २०११ ला जपानमध्ये खराच भूकंप आणि त्सुनामी आली. कंपनीने त्याच आठवड्यात गेम रद्द केला. पुढे २०१८ मध्ये तो नव्याने आला. त्याच मार्चमध्ये पडत्या शहरात शर्यती लावणारा 'मोटरस्टॉर्म अपोकॅलिप्स' यायचा होता, तोही काही देशांत लांबवला. जपानमध्ये तर आलाच नाही.

पूर्वी मला वाटायचं, एवढं काय? गेमच तर आहे. आता नाही वाटत. पुढचा प्रश्न वाचा.

अंबाझरीच्या पुरानंतरही तुम्हाला हे पाहवतं?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरात आली. आम्ही तळमजल्यावर राहायचो. मला जाग आली ती आवाजाने, आणि तो पाण्याचा नव्हता. ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. स्वयंपाकघरातलं अर्धं रिकामं सिलिंडर तरंगत येऊन दाराच्या चौकटीवर आपटत होतं. मी पाय खाली टाकला तर पोटरीपर्यंत पाणी. बायकोने पोरीला वरच्या काकूंकडे नेलं. मी टॉर्च घेऊन उभा. रॅकवरच्या खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या होत्या आणि लग्नातली स्टीलची पातेली होड्यांसारखी गोल गोल फिरत बाहेरच्या खोलीकडे निघाली होती. एकमेकांना लागून बारीक आवाज करत. आत्या असती तर तिने काय म्हटलं असतं, हे माझ्या डोक्यात स्पष्ट आलं, आणि मी जिन्यात उभं राहून हसलो. बायको अजून विचारते, तेव्हा हसत कशाला होतास?

सिनेमात पाणी येतं आणि जातं. खरं पाणी गेल्यावर चिखल ठेवून जातं, आणि चिखल कुणी दाखवत नाही, कारण तो वीस दिवस काढावा लागतो. दुकानात महिनाभर बुडालेली मशीन येत होती. कॅबिनेट आडवं केलं की तांब्याभर गढूळ पाणी निघायचं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, सरळ भंगारात. बोर्ड आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ब्रश मारून धुवायचे, दोन दिवस सुकवायचे, मग देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं. दहातले चार लागले. हार्ड डिस्क असेल आणि आत फोटो असतील, तर बटण अजिबात दाबायचं नाही, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगत होतो. निम्म्यांनी घरी आधीच दाबून पाहिलेलं असायचं.

तीन-चार महिने काउंटरमागच्या मॉनिटरवर क्रिकेट लावलं. मग एका दुपारी '२०१८' लावला. त्यात लोक छपरावर बसून नुसती वाट पाहतात. तेवढं पाहिलं आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी उरलेला पाहिला. आता सगळे पाहतो. लिमोझिनवालाही.

नागपूरवर असा सिनेमा काढायचा झाला तर हिरो कोण?

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथेच आहे, आपत्तीत बचावाला धावणाऱ्या एनडीआरएफची अकादमीही इथेच. देशभरची पोरं संकटात कसं वागायचं हे शिकायला नागपुरात येतात आणि आपण त्यांना फक्त तर्री पोह्याच्या ठेल्यावर पाहतो. त्यातलाच एक घ्यायचा, केरळचा नाहीतर आसामचा. पहिला अर्धा तास त्याला मराठी येत नाही आणि मे महिना सोसत नाही, एवढंच दाखवायचं. पुढचं मी लिहून ठेवलंय, प्रोड्यूसर असाल तर दुकानात या.

भाऊ, ते सगळं ठीक आहे, पण माझा माउस दुरुस्त झाला का?

झाला. शनिवारपासून काउंटरवर पडला आहे. चाकात केस अडकले होते, मांजरीचे. पैसे नको.